छत्रीवाली की पेटीवाली?

बडोद्याच्या दांडिया बाजारातला आमचा दुसरा मजला, लिफ्ट नाही आणि लेक दीड वर्षाची. म्हणजे बाबागाडी हलकी हवी, हे आधीच ठरलेलं. प्रश्न होता कुठली.

छत्रीसारखी मिटणारी गाडी ही मूळ ओवेन मॅक्लारेन या विमान अभियंत्याची कल्पना, 1965 सालची. वहिनींची जुनी महिनाभर वापरून पाहिली. वजन जेमतेम पाच किलो, मिटली की खांद्याला अडकवून जिना चढता येतो. पण मिटवायला दोन्ही हात आणि एक पाय लागतो. कडेवर झोपलेलं मूल असेल तर काय करायचं? शिवाय तिची पाठ फारशी मागे जात नाही. कमाटीबागेतून परतताना लेकीची मान सारखी एका बाजूला लोंबायची.

दुसरी, चौकोनी पेटीसारखी मिटणारी. किलो-दीड किलो जड, किंमत जवळपास दुप्पट. मात्र एका हाताने मिटते, ॲक्टिव्हाच्या पायापाशी उभी राहते आणि पाठ बरीच आडवी होते. छत्रीवाली मिटल्यावर मीटरभर लांब, ती स्कूटरवर न्यायची म्हणजे कसरतच.

चाकं दोन्हींची छोटीच. मांडवीच्या खड्ड्यांत दोघीही सारख्याच अडतात, तिथे कडेवर घेण्याला पर्याय नाही.

पट्टा मात्र पाच टोकांचाच बघा, म्हणजे दोन खांद्यांवरून, दोन कमरेपाशी आणि एक पायांमधून येणारा. खांद्यावरून न येणाऱ्या पट्ट्यातून आमची लेक दोनदा उभी राहिली होती.

शेवटी पेटीवाली घेतली, तीही वापरलेली. कारमधून फिरणाऱ्यांनी मात्र छत्रीवालीच घ्यावी, उगाच पैसे घालवू नयेत.