दोन फुटांचा पाइप आणि १,४०,००० रुपये

साताऱ्यातील आमच्या पतसंस्थेत नवे नेटवर्क स्विच (संगणक एकमेकांना जोडणारी यंत्रे) बसवण्यापूर्वी जागा तयार करून घेण्याची जबाबदारी माझ्यावर होती, आणि त्याच कामात ठेकेदाराने मला राजरोस फसवले. हे लिहिताना लाज वाटते. पण तो माणूस आजही अशीच कामे घेतो आहे, म्हणून लिहितो.

अर्थिंगचे, म्हणजे जादा वीज जमिनीत उतरवणारे, दोन खड्डे ५४,००० रुपये, स्विच ठेवायच्या रॅकपर्यंतची तांब्याची पट्टी व वायरिंग ३८,५०० आणि कॅट-६ ही नेटवर्कची केबल टाकणे ६१,५००, असे १,५४,००० रुपयांचे दरपत्रक होते. मी ७७,००० आगाऊ आणि ६३,००० काम संपल्यावर दिले.

दरपत्रकात प्रत्येक खड्ड्यात तीन मीटर लांबीचा पाइप लिहिलेला होता. आमच्या आवारात हात-दीड हात मुरूम खणला की काळा कातळ लागतो. तरीही दोन मजूर, कातळ फोडायचे ब्रेकर यंत्र न आणता, दोन तासांत दोन्ही खड्डे उरकून झाकणे बसवून मोकळे झाले, आणि बाहेर पडलेल्या मातीचा ढीग गुडघ्याएवढाही नव्हता. तो ढीग मी स्वतः पाहिला. कातळातून एवढ्या वेळात तीन मीटर खाली कोण जाईल, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. त्या दिवशी लेखापरीक्षक कार्यालयात बसले होते आणि ठेकेदार आमच्याच एका सभासदाच्या ओळखीचा होता. अशा वेळी कोणीही विश्वास ठेवला असता. खड्डा उघडा असतानाच टेप टाकून खोली मोजा आणि फोटो काढा.

ठेकेदाराने अर्थिंगचा विद्युतरोध फक्त ०.८ ओहम असल्याचे प्रमाणपत्रही दिले, तेही साध्या मल्टिमीटरवर मोजून. जमिनीत दूरवर दोन खुंट्या ठोकून मोजणारे यंत्र त्याने आणलेच नव्हते.

मे महिन्यातल्या वळिवाच्या रात्री वीज कडाडली आणि प्रत्येकी ३७,८०० रुपयांचे दोन स्विच जळाले. स्विचच्या कंपनीच्या तंत्रज्ञाने न्यूट्रल आणि अर्थ या दोन तारांमधला विजेचा दाब मोजला, तो ११ व्होल्ट भरला. दोन-तीन व्होल्टच्या वर तो नसावा, असे सांगून त्याने वॉरंटी नाकारली. मग खड्डा उकरला. वर मीठ-कोळसा, खाली कापून अवघा दोन फुटांचा केलेला पाइप. केबलची तारही ब्लेडने खरवडून पाहिली, तर तांब्याच्या मुलाम्याखाली ॲल्युमिनियम. पैसे देण्याआधी एवढे खरवडून पाहाच.

पोलीस ठाण्यात तीन वेळा गेलो. पहिल्यांदा अंमलदार जेवायला गेले होते, दुसऱ्यांदा अर्ज ठेवून जा म्हणाले, तिसऱ्यांदा हा दिवाणी वाद आहे, न्यायालयात जा, असे ऐकवले. खोटे प्रमाणपत्र देऊन पैसे उकळणे हा दिवाणी वाद कसा होतो, हे कोणी सांगेना. ग्राहक तक्रारीसाठी गेलो, तर काम व्यावसायिक हेतूचे असल्याची अडचण पुढे केली. तिथून वीज निरीक्षणाच्या कार्यालयात गेलो, तर हे आमच्या कक्षेत नाही, असे उत्तर मिळाले. दोन महिने मी खेटे घातले, आणि कोणी साधी पोच दिली नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

कापलेला पाइप पुरावा म्हणून मी कपाटात ठेवला आहे. तिन्ही ठिकाणी तो सोबत नेला होता. पिशवीतून बाहेर काढा, असेही कोणी म्हटले नाही.