कॅनन ईओएस ६०डीए: हायड्रोजनचा लाल रंग परत मिळवून देणारा कॅमेरा

बरीच वर्षे फिल्मवर आकाशाची छायाचित्रे घेतल्यानंतर मी पहिल्यांदा एक साधा डिजिटल एसएलआर दुर्बिणीला जोडला, तेव्हा त्या एकाच रात्री आनंद आणि निराशा दोन्ही पदरी पडले. देवयानी दीर्घिका तिच्या काळ्या धूळपट्ट्यांसह दोन मिनिटांत पडद्यावर उमटली. हे सुख फिल्मने कधी दिले नव्हते. मात्र मृग नक्षत्रातील हॉर्सहेड हा घोड्याच्या डोक्यासारखा काळा धूळमेघ, जो फिल्मवर लालसर तेजोमेघाच्या, म्हणजे चमकत्या वायूच्या ढगाच्या, पार्श्वभूमीवर काळ्या आकृतीसारखा उठून दिसत असे, तो शोधूनही नीट सापडेना, कारण काळी आकृती जागेवर असली तरी तिच्या मागचा लाल प्रकाशच नाहीसा झाला होता. म्हणून २०१२ साली बाजारात आलेल्या आणि गेली काही वर्षे माझ्या वापरात असलेल्या कॅनन ईओएस ६०डीएचे परीक्षण करताना मेगापिक्सेल मोजत बसण्यापेक्षा, हा कॅमेरा त्या लाल रंगाचे काय करतो हेच मी आधी पाहतो.

तेजोमेघांतील आयनीभूत हायड्रोजनचा ठळक लाल प्रकाश ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकाला तो उत्तम दिसतो. पण माणसांचे चेहरे आणि झाडांची पाने डोळ्यांना दिसतात तशीच छायाचित्रात यावीत म्हणून संवेदकापुढे जे फिल्टर बसवलेले असते, ते अवरक्त किरणांबरोबर या लाल प्रकाशाचाही मोठा भाग अडवते. कोडॅकची टेक्निकल पॅन २४१५ ही कृष्णधवल फिल्म किंवा एक्टाक्रोम ई२०० ही स्लाइड फिल्म वापरणाऱ्यांना हा रंग सहज मिळत होता, त्यामुळे लाल तेजोमेघांपुरते बोलायचे तर साध्या डिजिटल कॅमेऱ्याकडे वळणे हे एक पाऊल मागे जाणेच होते. काही हौशी लोक कॅमेरा उघडून ते फिल्टर काढून टाकत. त्यात हमी जाई आणि काचेची जाडी बदलल्यामुळे आपोआप होणारे फोकसिंगही बिघडू शके. कॅननने २००५ साली ८.२ मेगापिक्सेलचा २०डीए आणून कारखान्यातच बदललेले फिल्टर दिले. १८ मेगापिक्सेलचा ६०डीए हा त्याचाच वारसदार असून, साध्या मॉडेलपेक्षा तिप्पट हायड्रोजन प्रकाश टिपण्याचा कंपनीचा दावा माझ्या अनुभवाशी जुळतो. पाच मिनिटांच्या एकाच फ्रेममध्ये रोझेट तेजोमेघाच्या पाकळ्या कोणत्याही प्रक्रियेविना ओळखता येतात.

या सोयीची खरी किंमत कळायची असेल तर फिल्मवरची एक रात्र कशी जात असे हे आठवावे लागते. प्रकाश अतिशय मंद असला की फिल्मची संवेदनशीलता वेळेगणिक घटत जाते. हा दोष ज्यांनी सूत्रात बसवला ते कार्ल श्वार्झशिल्ड म्हणजे कृष्णविवरांच्या संदर्भात ज्यांचे नाव आपण वाचतो तेच. त्यावर उपाय म्हणून टेक्निकल पॅन नायट्रोजनमध्ये थोडा हायड्रोजन मिसळलेल्या वायूत तासन्‌तास तापवून घेत असत, म्हणजे हायड्रोजनचा प्रकाश टिपण्यासाठी आधी फिल्मलाच हायड्रोजन पाजावा लागे! एवढे करूनही एका छायाचित्राला चाळीस-पन्नास मिनिटे लागत आणि तेवढा वेळ नेत्रिकेतील, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातील, उजळलेल्या क्रॉसवर मार्गदर्शक तारा धरून ठेवायचा, तो सरकू लागला की बटण दाबून परत आणायचा, असे काम मान अवघडेपर्यंत चाले. अडतिसाव्या मिनिटाला एखादे विमान चौकटीतून गेले की सगळे मुसळ केरात. सर्वांत मोठा जाच मात्र घरी परतल्यावर सुरू होई, कारण फोकस साधला होता की नाही हे रोल धुऊन येईपर्यंत कळत नसे. एकदा एका लॅबने माझ्या जवळपास कोऱ्या दिसणाऱ्या रोलवर फ्रेमच्या कडा न दिसल्यामुळे निगेटिव्ह नेमकी हंस तारकासमूहाच्या मधोमध कापून दिली, आणि तेव्हापासून प्रत्येक रोलची पहिली फ्रेम दिवसाउजेडी घराच्या भिंतीची घेण्याची सवय मला लागली, जेणेकरून कापणाऱ्याला निदान मोजायला सुरुवात तरी कुठून करायची ते कळावे.

६०डीएवर फोकस साधणे हे आता दोन मिनिटांचे काम आहे. थेट दृश्य (लाइव्ह व्ह्यू) चालू करून एक ठळक तारा दहापट मोठा करायचा आणि दुर्बिणीच्या तोंडावर बाख्तिनोव्ह मुखवटा, म्हणजे तिरप्या फटींची जाळी, लावायची. तारा तीन रेघांचा दिसू लागतो. त्यांतील मधली रेघ फोकसर फिरवताच डावीकडून उजवीकडे सरकते आणि ती बाकी दोघींच्या छेदनबिंदूतून नेमकी गेली की हात थांबवायचा. पडदा बाहेर उघडून हव्या त्या कोनात वळवता येत असल्याने दुर्बीण खस्वस्तिकाकडे, म्हणजे थेट डोक्यावर, रोखलेली असतानाही जमिनीवर आडवे व्हावे लागत नाही. २०डीएचा पडदा मागे घट्ट बसवलेला होता, आणि मान अवघडून काम करण्याचा फिल्मच्या काळातला वारसा तेवढ्यापुरता त्यानेही जपला होता.

एका दीर्घ प्रकाशनाऐवजी (एक्सपोजरऐवजी) पाच-पाच मिनिटांच्या बारा-पंधरा फ्रेम घेऊन संगणकात त्यांची सरासरी काढायची, या पद्धतीने विमानांची आणि उपग्रहांची चिंताच संपवली, कारण एकाच फ्रेममध्ये असलेली रेघ सरासरी काढताना वगळता येते. फ्रेमची संख्या चौपट केली की यादृच्छिक गोंगाटाच्या, म्हणजे प्रतिमेतील दाणेदारपणाच्या, तुलनेत संकेत (खरा प्रकाश) दुप्पट होतो. म्हणजे पहिल्या तासाचा लाभ मोठा आणि पुढच्या प्रत्येक तासाचा कमी कमी होत जाणारा. डीपस्कायस्टॅकरसारखे मोफत सॉफ्टवेअर हे काम चोख करते. मात्र रात्रभराचे श्रम दुर्बिणीवरून उठून टेबलावर गेले आहेत, हेही नोंदवायला हवे. मला फ्रेम रचण्याचा कंटाळा येत नाही, पण रंगांची ओढाताण करत बसण्याचा येतो, आणि ज्याला तो येतो त्याने हे आधीच ओळखून असावे.

कॅमेऱ्याच्या मर्यादांत पहिली उष्णतेची. त्याला शीतन यंत्रणा नाही, आणि संवेदकाचा अंधारप्रवाह, म्हणजे प्रकाश नसतानाही उष्णतेने निर्माण होणारा खोटा संकेत, तापमान साधारण सहा-सात अंशांनी वाढले की दुप्पट होतो, त्यामुळे उकाड्याच्या रात्री सावल्यांमध्ये रंगीत ठिपक्यांचा सडा पडतो. तो वजा करण्यासाठी दुर्बिणीवर झाकण लावून तेवढ्याच वेळाच्या काळ्या फ्रेम घ्याव्या लागतात, आणि तापमान आपल्या हाती नसल्याने त्या त्याच रात्री, त्याच ठिकाणी घेणे बरे. त्यात चांगल्या आकाशाचा तासभर खर्ची पडतो. दुसरी मर्यादा कोणत्याही रंगीत संवेदकाची आहे: हायड्रोजनच्या प्रकाशापुरता चारपैकी एकच पिक्सेल खऱ्या अर्थाने काम करतो, आणि शीतन असलेला कृष्णधवल कॅमेरा इथे निर्विवाद पुढे जातो, जरी त्यासाठी संगणक, वीज आणि फिल्टरचक्र यांचे लटांबर मैदानात न्यावे लागते. तिसरी गोष्ट किरकोळ, पण पहिल्या रात्री अडवणारी आहे. तीस सेकंदांपेक्षा मोठ्या प्रकाशनासाठी बाहेरून जोडायचा रिमोट लागतो आणि ठरावीक अंतराने फ्रेम घेणारा टायमर कॅमेऱ्यात नाही. दिवसाच्या छायाचित्रांना लालसर झाक येते. पांढऱ्या रंगाचा समतोल स्वतः ठरवून ती बरीच कमी करता येते, तरी घरचे समारंभ टिपण्यासाठी हा कॅमेरा घेऊ नये.

२०१५ सालचा निकॉन डी८१०ए आणि २०१९ सालचा कॅनन ईओएस आरए हे दोन्ही पूर्ण फ्रेमचे (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या संवेदकाचे) आणि अधिक समर्थ कॅमेरे आहेत. ६०डीए आता केवळ वापरलेलाच मिळतो. तो घेताना झाकण लावून पाच मिनिटांची एक फ्रेम काढून पाहावी, म्हणजे सतत पेटलेले पिक्सेल किती आहेत ते कळेल, आणि एकसारख्या उजळ पृष्ठभागाची दुसरी फ्रेम काढावी, म्हणजे संवेदकावरची धूळ दिसेल. मैदानात संगणक न नेता लाल तेजोमेघ टिपू इच्छिणाऱ्याला मी हाच कॅमेरा सुचवीन. फक्त दीर्घिका आणि तारकागुच्छच हवे असतील तर साधा डिजिटल एसएलआर पुरेसा आहे. त्यांच्या प्रकाशाचा बहुतेक भाग ते फिल्टर अडवत नाही.

माझा जुना ऑलिंपस ओएम-१ हा फिल्म कॅमेरा अजून पिशवीत असतो. त्याचे शटर बॅटरीविना कितीही तास उघडे राहते, आणि ध्रुवाभोवतीच्या तारकारेषा टिपताना फिल्मचा तोच जुना आळस आकाशाची पार्श्वभूमी लवकर उजळू देत नाही. ६०डीए तिवईवरच्या दुर्बिणीला जोडून कामाला लावला की शेजारी ओएम-१ उत्तरेकडे रोखून ठेवतो आणि पहाटे दोन्ही आवरतो. रोलची पहिली फ्रेम अजूनही भिंतीचीच असते.