‘क्लासिक’ लेबलच्या डब्यात निघालं भलतंच ऑइल

जुन्या गाडीचं इंजिन नव्याने बांधून घेत असाल, तर पहिलं स्टार्ट मारण्याआधी हे वाचा.

माझ्या इंजिनात सपाट बुडाचे टॅपेट आहेत, म्हणजे कॅमच्या ढकलण्याने व्हॉल्व्ह उघडणारे तुकडे. बहुतेक जुन्या गाड्यांत तेच असतात. कॅमचा लोब (उंचवटा) टॅपेटच्या बुडावर थेट घासत फिरतो, मध्ये रोलर नसतो. तिथला दाब इतका प्रचंड की नुसती ऑइलची फिल्म टिकत नाही. तिथे कामाला येतं झेडडीडीपी, म्हणजे जस्त आणि फॉस्फरसचं संयुग. ते धातूवर एक पातळ संरक्षक थर चढवतं. पण फॉस्फरसमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो, म्हणून नव्या गाड्यांच्या ऑइलमधून तो कमी केला गेला. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या (एपीआय) 2004 च्या एसएम वर्गापासून 5डब्ल्यू-30, 10डब्ल्यू-30 अशा पातळ ग्रेडना फॉस्फरसची 800 पीपीएम (दहा लाख भागांत 800) ही मर्यादा आहे. जुन्या गाड्यांच्या जाड 20डब्ल्यू-50 ला ती लागू नाही.

हे मला माहीत होतं आणि विक्रेत्याला तर माझ्याहून चांगलं माहीत होतं. फसवणूक नेमकी इथेच झाली. डब्यावर ‘क्लासिक’, ‘20डब्ल्यू-50’, ‘हाय झिंक’. शिवाय तोंडी खात्री: “साहेब, 1400 पीपीएमच्या खाली येणारच नाही. जुन्या गाडीवाले सगळे हेच नेतात.” माहितीपत्रक मागितलं तर चकचकीत छापील कागद मिळाला. त्यावर सगळे आकडे होते, फक्त बॅच नंबर आणि तपासणाऱ्या लॅबचं नाव नव्हतं.

रनिंग-इन, म्हणजे नव्या इंजिनाचं सुरुवातीचं चालवणं, रीतसर केलं. लोबवर असेंब्ली पेस्ट, सुरू होताच 2000 आरपीएमच्या वर, आयडलवर अजिबात सोडलं नाही. इंजिन तापल्यावर ऑइल प्रेशर अपेक्षेपेक्षा खाली बसत होतं. पहिलं ऑइल बदलताना फिल्टर कापून उघडला. घड्यांमध्ये करडी, चमचमणारी पेस्ट साचली होती. लोहचुंबक लावलं तर ती चिकटली, म्हणजे हा बेअरिंगचा पांढरा धातू नव्हता. रिंगा बसताना थोडं लोखंड येतंच, पण इतकं नाही. पुढे एका व्हॉल्व्हचा टॅपेट क्लिअरन्स (मुद्दाम ठेवलेली फट) सेट करावा आणि तो परत वाढावा, असं सुरू झालं. डायल गेज लावलं तर लिफ्ट, म्हणजे कॅम टॅपेटला जितकं उचलतो ते अंतर, कमी. टॅपेट बाहेर काढला. त्याचं बूड अगदी किंचित फुगीर असायला हवं; इथे नखाला लागेल असा खड्डा पडला होता.

विक्रेत्याचं उत्तर तयार होतं: कॅमचं हार्डनिंग कच्चं असेल, मेस्त्रीने पेस्ट लावली नसेल. ज्या माणसाने मन लावून इंजिन बांधलं, त्याच्यावर ढकललं, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

एक सीलबंद डबा शिल्लक होता, तो लॅबला दिला. फॉस्फरस 800 च्याही खाली निघाला. 100 अंशांना व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) 11 सेंटीस्टोकच्या आसपास, म्हणजे चक्क 30 ग्रेडची. 50 ग्रेडला किमान 16.3 लागते. प्रेशर का बसत होतं तेही कळलं. आजकालचं साधं ऑइल जुन्या नावाने भरून विकलं होतं.

रिपोर्ट दाखवल्यावर सूर बदलला. ऑइलचे पैसे परत देतो म्हणाले, अट एकच: उरलेलं सगळं ऑइल परत आणून द्या. म्हणजे पुरावाच परत द्या! मी दिलं नाही आणि तुम्हीही देऊ नका. कॅम आणि टॅपेटच्या खर्चाबद्दल ते अजून बोलायलाच तयार नाहीत.

‘हाय झिंक’ या शब्दांना कुठलंही ठरलेलं प्रमाण नाही, ते कुणीही छापू शकतं. त्यामुळे बॅच नंबरसह, लॅबच्या नावासह सर्टिफिकेट मागा, आणि एक डबा न फोडता बाजूला ठेवा. डब्यावर ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ लिहिलेलं दिसलं, तर त्यात फॉस्फरस मर्यादेतलाच असणार, विक्रेता काहीही सांगो. वरून झिंकची बाटली ओतायचा सल्लाही मला मिळाला. तोही नाकारा, कारण आत मुळात किती आहे हेच माहीत नसतं आणि जास्त झालेलं झेडडीडीपीसुद्धा नुकसान करतं.

आता नवा कॅम, नवे टॅपेट बसले आहेत. या वेळचा नमुना आधी लॅबला गेलाय. रिपोर्ट हातात येईपर्यंत स्टार्ट मारायचा नाही, हे मेस्त्रींचं आणि माझं ठरलंय.