'मोफत हवा तपासणी' करणाऱ्यांपासून सावध राहावे

गिरगावातील आमच्या जुन्या उपकरप्राप्त इमारतीत पावसाळ्यात भिंतींना ओल येते, रंगाचे पोपडे सुटतात आणि रस्त्यावरच्या धुळीला कंटाळून बहुतेकांनी गॅलऱ्या काचा लावून बंद केल्या आहेत. अशा घरात हवा कोंडते ही तक्रार खरीच आहे. 'मोफत तपासणी'वाले नेमके तिच्यावरच बोट ठेवतात.

आमच्याकडे आलेल्या दोघांनी अदबीने हातांना सॅनिटायझर चोळले, मीटर बाहेर काढला आणि कार्बन डायऑक्साइड २,००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांमागे २,००० भाग) वर गेल्याचे वडिलांना दाखवले. बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० असतो, त्यामुळे दम्याचा त्रास असलेला माणूस घाबरणारच. मग त्यांनी स्वतःचे 'आयन' यंत्र (हवेत विद्युतभारित कण सोडणारे) लावले, 'उजेडासाठी' खिडकी उघडली आणि थोड्या वेळात आकडा उतरला. यंत्राचे १८,००० रुपये वडिलांनी तिथल्या तिथे यूपीआयने दिले.

स्वस्त मीटरमध्ये बहुधा कार्बन डायऑक्साइड मोजणारा एनडीआयआर सेन्सर नसतोच. हवेतल्या इतर वाफांवरून असा मीटर अंदाजे आकडा दाखवतो आणि सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलच्या वाफेने उसळतो. ती वाफ विरली की आकडा आपोआप खाली येतो, श्रेय मात्र यंत्राला मिळते. खात्री करायची असल्यास सॅनिटायझरची उघडी बाटली मीटरजवळ धरून पाहावी.

यंत्र उघडून पाहिले तेव्हा आत फिल्टरच नव्हता. ज्या तिखट वासाला ते 'ताजी हवा' म्हणत होते तो ओझोनचा असावा, कारण अशी काही आयन यंत्रे ओझोन सोडतात आणि तो श्वासनलिकेला त्रासदायक असतो. कॅलिफोर्नियाने तर घरगुती हवाशुद्धीकरण यंत्रांसाठी त्याची मर्यादा ०.०५० पीपीएम ठरवली आहे. वडिलांचा खोकला वाढल्यावर आम्ही ते बंद केले.

फिल्टरचे यंत्र घ्यायचेच असेल, तर एच१३ दर्जाचा हेपा फिल्टर (अतिसूक्ष्म कण अडवणारा) आणि खोलीच्या आकाराला पुरेसा सीएडीआर (यंत्र ठरावीक वेळात किती स्वच्छ हवा देते तो आकडा) लेखी मागावा. 'हेपा टाइप' या शब्दाला अर्थ नाही. तरीही धूळ अडवणारे यंत्र ओल घालवत नाही. आमच्या भिंतीची ओल गळका सांडपाण्याचा पाइप बदलल्यावरच कमी झाली.

पावतीवर जीएसटी क्रमांक नव्हता, पत्ता खोटा निघाला आणि फोन बंद आहे. यूपीआयच्या नोंदीच्या आधारे १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार दाखल केली आहे. पैसे अद्याप परत मिळालेले नाहीत.