हळू चालणाऱ्या आईंसाठी घेतलेला फिटनेस बँड

झपझप चालणाऱ्याला हा बँड चालेल. काठी किंवा वॉकर घेऊन चालणाऱ्या माणसासाठी घेणार असाल, तर पैसे देण्याआधी एवढं वाचाच.

आमच्या सासूबाई सत्तरी ओलांडलेल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी रोज थोडं थोडं चालायला सांगितलंय. घरात वॉकर, आणि सकाळी आमच्या बेळगावच्या टिळकवाडीतल्या व्हॅक्सीन डेपोच्या मैदानावर माझा हात धरून हळूहळू फेरी. हुरूप यावा म्हणून गणपत गल्लीतून हा बँड आणला. बॅटरी टिकते, आकडे मोठे दिसतात, पट्टा टोचत नाही. पण पावलं? डेपोवरून आल्यावर आई मनगट माझ्यापुढे धरायच्या, "एवढं चालले की गं मी! मग ह्यात का येत नाही?"

एकदा मी त्यांच्या बाजूने मोजत चालले. त्यांची शंभर पावलं झाली तेव्हा बँडवर चाळीससुद्धा नव्हती. घरात वॉकर धरून चालल्या तेव्हा तर आकडा जवळजवळ हललाच नाही. उलट ओट्याशी उभ्या राहून भाकऱ्या थापल्या की पावलं वाढलेली!

कारण सरळ आहे. बँडला पाय दिसत नाहीत. आतला सेन्सर हाताचे हेलकावे टिपतो आणि ठरावीक जोराचा, ठरावीक लयीचा हेलकावा आला की त्याला पाऊल समजतो. वॉकर धरलेला हात हलतच नाही. हळू, पाय ओढत चालणाऱ्याचा झटका इतका बारीक असतो की बँड तो सोडून देतो. शिवाय बसल्या जागी हात हलला तर पावलं चढू नयेत म्हणून बरेच बँड ओळीने काही पावलं पडल्याशिवाय मोजणीच सुरू करत नाहीत. स्वयंपाकघरातून देवघरापर्यंत चार-सहा पावलं, मग थांबणं, असं ज्यांचं चालणं असतं त्यांची ती पावलं वायाच जातात. ताशी तीन किलोमीटरच्या खाली वेग गेला की मनगटावरची मोजणी घसरते, हे अनेक चाचण्यांत दिसलेलं आहे.

मला राग आला तो पुढच्या गोष्टीचा. ॲपने लक्ष्य आधीच दहा हजारांवर लावून ठेवलेलं. हा आकडा कुठल्या डॉक्टरने दिलेला नाही. १९६५ साली जपानच्या यामासा कंपनीने विकायला काढलेल्या पेडोमीटरच्या, म्हणजे पावलं मोजायच्या यंत्राच्या, नावातून तो आला; त्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचा मीटर'. २०१९ साली अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या १६ हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास छापून आला. त्यात दिवसाला सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्येही मृत्यूचं प्रमाण २,७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी होतं, आणि ७,५०० च्या पुढे आणखी फरक दिसला नाही. तिथेही मोजणी कमरेला लावलेल्या यंत्राने केली होती, मनगटावरच्या बँडने नव्हे. आमच्या आई मात्र आकडा भरत नाही म्हणून संध्याकाळी गुडघा सुजलेला असताना पुन्हा गल्लीत निघायच्या. म्हाताऱ्या माणसाला दमवणारा असा चुकीचा आकडा मला मुळीच मान्य नाही. लक्ष्य मी त्याच दिवशी कमी केलं.

मग बँड घोट्यावर बांधून पाहिला. पट्टा पुरेना, म्हणून पायमोज्यात घट्ट खोचला. शंभरातली बहुतेक पावलं आली, वॉकरसकट! हळू चालणाऱ्यांसाठी संशोधनातही घोट्यावरची यंत्रं वापरतात, ती यासाठीच. घोट्यावर हृदयाच्या ठोक्यांचा आकडा मात्र धरू नका.

घेताना ज्यांच्यासाठी घेताय त्यांना दुकानात सोबत न्या. काठी-वॉकरसकट चालायला लावा, पावलं तोंडाने मोजा आणि बँडशी ताडून पाहा. घोट्याला पुरेल असा लांब पट्टा मागा.

मनगटावर पाचपैकी दोन तारे, घोट्यावर चार.