अलास्काच्या नद्यांचं पान: पट्टी वाचणाऱ्याचा अभिप्राय

पाटबंधारे खात्यात 31 वर्षं काढली. त्यातले कित्येक पावसाळे बंधाऱ्यावरची, पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी वाचण्यात गेले. रात्री दोनला बॅटरी घेऊन जायचं, फूट-इंच वाचायचे आणि फोनवर कळवायचे. त्यामुळं नदीची माहिती देणारं काहीही समोर आलं की मी आधी एवढंच बघतो, की आकडा कुणी वाचलाय? जाऊन वाचलाय, का टेबलावर बसून ठोकलाय?

लेक शिकायला अलास्कातल्या फेअरबँक्सला गेली आणि एप्रिल-मे महिन्यात सकाळच्या चहाबरोबर अलास्काच्या नद्या बघायची मला सवय लागली. अमेरिकेच्या हवामान खात्याचं अलास्का-पॅसिफिक नदी पूर्वानुमान केंद्र आहे, त्यांचं हे इंटरनेटवरचं पान. फुकट आहे, ओटीपी मागत नाही. चार हंगाम वापरून झाल्यावर लिहितोय.

तिकडं हिवाळ्यात नदी वरून गोठते. बर्फाचा थर मीटरभर जाड होतो, त्यावरून गाड्या जातात. वसंत संपत आला की हा थर फुटतो आणि वाहून जातो. त्या हंगामाला तिकडचे लोक ‘ब्रेकअप’च म्हणतात. पहिल्या वर्षी लेक फोनवर म्हणाली, "अप्पा, इथं ब्रेकअप सुरू झालाय." तिची आई शेजारी बसून ऐकत होती, ती दिवसभर कुणाशी बोलली नाही.

पानावर नकाशा आहे. कुठली नदी अजून गोठलेली, कुठली मोकळी, हे रंगावरून कळतं. एकेका गावाशी बर्फ कुठल्या वर्षी कधी सुटला त्याच्या तारखाही मिळतात. युकॉन नदीवर डॉसन गावाजवळच्या नोंदी 1896 पासूनच्या आहेत. आमच्याकडं दहा वर्षांपूर्वीची नोंदवही शोधायची तर आधी कपाटाची किल्ली शोधावी लागायची!

टॅनाना नदीवरच्या नेनाना गावाची वही 1917 सालची, आणि ती पैजेतून सुरू झालेली. रेल्वेचं काम करणाऱ्या इंजिनिअरांनी बर्फ कधी सुटेल यावर 800 डॉलर लावले, ती पैज अजून चालू आहे. नदीच्या बर्फावर लाकडी तिपाई उभी करतात (नाव तिपाई, पाय मात्र चार), तिची तार काठावरच्या घड्याळाला जोडतात. बर्फ सुटून तिपाई पुरेशी सरकली की घड्याळ बंद पडतं, आणि तीच अधिकृत वेळ. सगळ्यात लवकर 14 एप्रिलला सुटलाय, 2019 मध्ये. सगळ्यात उशीर म्हणजे 20 मे, तो 1964 मध्ये आणि पुन्हा 2013 मध्ये. मी लेकीच्या नावावर 2023 चं तिकीट काढायला लावलं. जुन्या तारखा मांडून, आलेख काढून 4 मे दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं असा अंदाज लावला. बर्फ सुटला 8 मे रोजी. नदीनं मला असं तोंडावर पाडायची ही काही पहिली वेळ नव्हे.

तारखेपेक्षा बर्फ कसा सुटतो हे महत्त्वाचं, आणि ही जाण मला त्या पानामुळंच आली. ऊन हळूहळू चढत गेलं तर बर्फ आतून कुजतो, उभ्या सुया-सुया होतात आणि नदी गुपचूप मोकळी होते. पण थंडी मेपर्यंत रेंगाळली आणि मग एकदम गरमा पडला, तर वरचं हिम वितळून पाणी भराभर येतं आणि खालचा थर अजून दगडासारखा असतो. पाणी तो थर उचलून फोडतं, मोठमोठ्या लाद्या वाहत निघतात आणि पुढं वळणावर नाहीतर बेटाशी अडकतात. पाठोपाठ येणाऱ्या लाद्या त्यांच्यावर चढतात.

कोल्हापूरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. एका रात्रीत नदीला कुणीतरी आडवे बरगे (पाणी अडवायला बंधाऱ्यात घालतात त्या फळ्या) घातले असं समजा. केंदाळ (जलपर्णी) आणि झाडाची खोडं येऊन कोल्हापुरी बंधाऱ्याला तटली की पाणी कसं काठच्या मळीच्या रानात शिरतं ते आपण बघतोच. आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णा चढली की पंचगंगेला जो फुगवटा येतो तो हाच. आपला फुगवटा निदान दोन-तीन दिवस आधी चाहूल देतो. बर्फाचा बांध पडला तर वरच्या गावात काही तासांत पाणी चढतं, आणि पाण्याबरोबर गाडीएवढ्या लाद्या घरांच्या भिंतींवर येऊन आदळतात. बांध फुटला की सगळं पाणी एकदम खालच्या गावावर. 2013 च्या मे अखेरीला युकॉनवरच्या गलीना गावाचं हेच झालं. गावाच्या खालच्या अंगाला बिशप रॉकपाशी बर्फ अडला. त्या गावाला बाहेरून रस्ता नाही, माणसं विमानांनी हलवावी लागली.

आता या सेवेतला मला सगळ्यात आवडलेला भाग. त्याला ‘रिव्हर वॉच’ म्हणतात. हंगामात नदीतज्ज्ञ आणि राज्याच्या आपत्ती विभागाची माणसं छोट्या विमानात बसून नदीवरून खालीवर फिरतात. बर्फ कुठवर सुटलाय, कुठं अडलाय, पाणी काठाला लागलंय का, हे डोळ्यांनी बघून लिहितात. गावातले लोकही कळवतात. ते वाचताना मला पंचगंगेच्या पुरातली आमची वायरलेसवरची बोलणी आठवतात. "राजाराम बंधारा 39 फूट, इशारा पातळी." बस्स, एवढं ऐकलं की चिखली-आंबेवाडीतला माणूस जनावरं सोडायच्या तयारीला लागतो. 43 ला धोका, हे इथल्या पोराटोरांना पाठ आहे.

त्याच 2023 च्या मेमध्ये लेकीच्या वर्गातल्या पोरांनी सर्कल गावी बर्फ बघायला जायचा बेत केला. फेअरबँक्सहून अडीचशे-एक किलोमीटर, रस्ता थेट युकॉनच्या काठाला जाऊन संपतो. मी पान उघडून वरच्या गावांकडं काय चाललंय ते वाचलं आणि फोन केला. "बाळ, वरचा माल अजून खाली यायचाय. जाऊ नको." ती म्हणाली, "अप्पा, तुम्ही कोल्हापुरात बसून मला युकॉन शिकवताय?" पण गेली नाही. त्याच आठवड्याच्या शेवटी सर्कलमध्ये पाणी आणि बर्फ शिरला. त्याच सुमारास कुस्कोक्विम नदीवरच्या क्रुकेड क्रीक गावालाही तडाखा बसला. तेव्हापासून दर मेमध्ये फोन तिच्याकडूनच येतो: "अप्पा, पान काय म्हणतंय?"

आता उणं. पहिल्या वर्षी मला तिथले संक्षेप कळेनात, लेकीकडून वहीत लिहून घेतले. वेळ तिकडची असते, आपण साडेतेरा तास पुढं. उपग्रहाची चित्रं माझ्या जुन्या फोनवर उघडेपर्यंत चहा निवतो. आणि बर्फ नेमका कुठल्या वळणाला अडेल हे आधी सांगणं त्यांनाही जमत नाही, तसं ते भासवतही नाहीत.

याउलट माझ्या फोनमध्ये हवामानाचं एक ॲप होतं, नाव घेत नाही. गेल्या वर्षी मेमध्ये दुपारी चारला त्यावर हसरा सूर्य होता आणि दारात सुपारीएवढ्या गारा. वळवानं गोठ्याचे तीन पत्रे उडवून शेजाऱ्याच्या उसात नेऊन टाकले, तरी सूर्य हसतोय. काढून टाकलं. वीज पडायचा इशारा मिळावा म्हणून आता पुण्याच्या हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप ठेवलंय.

अलास्काच्या पानाला पाचपैकी साडेचार. तिकडं ज्यांचं कुणी नाही त्यांना याचा उपयोग काय, असं आमच्या कट्ट्यावर विचारतात. काही नाही. पण नदीकाठी वाढलेल्या माणसाला एप्रिलच्या उन्हात दुसऱ्या कुणाच्या नदीचं पाणी चढताना बघायला मिळतं, तेवढ्यात आपल्याकडं बरगे काढायची वेळ येते.