बायबल सोसायटीचे मराठी ‘पवित्र शास्त्र’ : रोज एक अध्याय वाचल्यानंतर

देवाच्या वचनाचे परीक्षण करण्याचा अधिकार मला नाही आणि तसा माझा हेतूही नाही. परंतु ते वचन ज्या भाषांतरातून आणि ज्या मांडणीतून मराठी वाचकाच्या हाती येते, त्याविषयी वाचकाने मोकळेपणाने लिहायला हवे. दृढीकरणाच्या, म्हणजे आपला विश्वास सर्वांसमोर पक्का करण्याच्या विधीच्या तयारीला लागलेली मुले आणि मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये नव्याने आलेली माणसे मला नेहमी एकच प्रश्न विचारतात, तो म्हणजे कोणते बायबल घ्यावे. बायबल सोसायटी ऑफ इंडियाने प्रसिद्ध केलेले, ‘रिव्हाइज्ड व्हर्जन’ म्हणून ओळखले जाणारे मराठी ‘पवित्र शास्त्र’ मी उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत एकदा संपूर्ण वाचले आहे. त्याला सुमारे साडेतीन वर्षे लागली. त्या वाचनाच्या आधारावर हे लिहितो आहे.

सुरुवात मात्र चुकीच्या रीतीने झाली होती. स्कॉटलंडमधील डंडी येथील तरुण पाळक (चर्चचे धर्मगुरू) रॉबर्ट मरे मॅकचेन यांनी 1842 मध्ये आपल्या मंडळीसाठी वाचनाचा एक आराखडा तयार केला होता, ज्यात वर्षभरात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रसंहिता दोनदा वाचून होतात. आजही जगभर असंख्य लोक तो पाळतात आणि त्याविषयी मला आदरच आहे. पण त्यात दररोज साधारण चार अध्याय, चार वेगवेगळ्या पुस्तकांतून एकेक, वाचावे लागतात. मी एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करतो. एक जानेवारीला उत्पत्तीपासून निघालेला वाचक उत्पत्तीचे पन्नास आणि निर्गमाचे चाळीस अध्याय संपवून लेवीय उघडतो तो नेमका मार्चअखेरीस, म्हणजे आमच्या कार्यालयात रात्री नऊपर्यंत दिवे चालू असतात त्या दिवसांत. होमबलींचे आणि अन्नबलींचे नियम मी डोळ्यांखालून घालत होतो आणि मनात ताळेबंद जुळवत होतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वाचन थांबले. त्यानंतर कित्येक महिने पुस्तक हाती घेताना आपण किती मागे पडलो आहोत, एवढेच आठवत असे.

मग आमच्या पाळकांच्या सल्ल्यावरून मी दिवसाला एकच अध्याय घेतला. प्रॉटेस्टंट बायबलात 66 पुस्तके आणि 1,189 अध्याय आहेत, म्हणजे एक दिवसही न चुकता वाचले तरी सव्वातीन वर्षे लागतात. आजारपणात, प्रवासात आणि निव्वळ आळसात गेलेले दिवस धरून माझी साडेतीन झाली. हा हिशेब सांगण्याचे कारण असे की, या आवृत्तीचे खरे गुण सावकाश वाचणाऱ्यालाच दिसतात. घाईने वाचणाऱ्याला तिची भाषा अडखळवते आणि तिच्यातील संदर्भ त्याच्या नजरेतून निसटतात.

संदर्भांविषयी सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते या पुस्तकाचा सर्वांत मोठा उपयोग तिथे आहे. शुभवर्तमानांत, म्हणजे येशूचे जीवन सांगणाऱ्या मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चार पुस्तकांत, प्रत्येक परिच्छेदाला मथळा दिलेला आहे आणि त्याखाली इतर शुभवर्तमानांतील समांतर उतारे कंसात दाखवलेले आहेत. सुरुवातीला मी ते कंस वगळून पुढे जात असे. लूकच्या नवव्या अध्यायाशी आलो त्या सकाळी वेळ हाताशी होता, म्हणून मत्तय 16 आणि मार्क 8 ही दोन्ही पाने कागदाच्या कपट्या घालून उघडी ठेवली आणि येशूचे एकच बोलणे तिन्ही ठिकाणी ओळीने वाचले. जो माझ्यामागे येऊ पाहतो त्याने स्वतःचा त्याग करावा, आपला वधस्तंभ उचलावा आणि मला अनुसरावे, हे तिघेही सांगतात. लूकमध्ये मात्र एक शब्द अधिक आहे. तो म्हणतो, ‘दररोज’ स्वतःचा वधस्तंभ उचलून घ्यावा.

त्या एका शब्दाच्या मागावर मी पुढे बरेच दिवस होतो. दोन अध्याय पुढे प्रभूची प्रार्थना येते. मत्तयात आपण ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ असे म्हणतो आणि लूकमध्ये ‘आमची रोजची भाकर रोज आम्हांला दे’ असे. ‘आज’ आणि ‘रोज’ यांतला हा फरक मूळ ग्रीकमध्येही आहे, आणि मराठी भाषांतरकारांनी तो पुसून न टाकता जसाच्या तसा ठेवला, याबद्दल मला त्यांचे फार मोल वाटते. प्रेषितांची कृत्ये हे पुस्तकही लूकचेच. त्यात दुसऱ्या अध्यायात विश्वासणारे दररोज मंदिरात जमतात आणि सतराव्या अध्यायात बिरुया गावचे लोक प्रेषित पौलाचे म्हणणे खरे आहे की नाही हे पाहण्यासाठी दररोज शास्त्र शोधतात. या चारही ठिकाणी ग्रीकमध्ये एकच शब्दप्रयोग आहे. वधस्तंभ, भाकर, उपासना आणि अभ्यास या चारही गोष्टींना लूक रोजच्या खात्यात घालतो. शिष्यत्व म्हणजे मोठ्या प्रसंगी घेतलेला मोठा निर्णय, अशी समजूत मी लहानपणापासून मंडळीत लोकांच्या साक्षी, म्हणजे विश्वासाचे अनुभव, ऐकून करून घेतली होती. ती या तुलनेने बदलली, आणि ती तुलना करून देणारे साधन म्हणजे मथळ्याखालचे ते छोटे कंस होते. अशा वाचनासाठी वेगळे ग्रंथ लागत नाहीत, पदवी लागत नाही. दोन कपट्या आणि अर्धा तास पुरतो.

आता भाषेविषयी. ही मराठी जुन्या वळणाची आहे. ‘प्रीती’, ‘तारण’, ‘वधस्तंभ’, ‘सार्वकालिक जीवन’, ‘उणे पडणार नाही’ असे शब्द शाळेतून इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलांना समजावून सांगावे लागतात. तरीही ही भाषा मला अडचण न वाटता ठेव वाटते. बंगालमधील सेरामपूरला मिशनरी विल्यम कॅरी यांनी वैजनाथ शर्मा या पंडितांच्या साहाय्याने 1811 मध्ये मराठी नवा करार छापला, तेव्हापासून दोनशे वर्षांहून अधिक काळ हे शब्द मराठीत घासले गेले आहेत. मिशनऱ्यांनी आणि बाबा पदमनजींसारख्या मराठी लेखकांनी त्यांवर हात फिरवला आहे. ‘अनुसरणे’ हे क्रियापदच पाहा. मागे चालणे, आज्ञा मानणे आणि स्वतःला वाहून देणे हे तिन्ही अर्थ त्यात एकत्र आहेत. ‘माझ्यामागे ये’ या बोलीतल्या शब्दांत ते मावत नाहीत.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पंडिता रमाबाईंना अशीच संस्कृतप्रचुर भाषा आपल्या मुक्तिसदन या आश्रमातील अल्पशिक्षित स्त्रियांना परकी वाटते असे जाणवले, म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले. 1922 मध्ये त्यांचे निधन झाले आणि केडगावच्या त्यांच्याच छापखान्यातून ते 1924 मध्ये बाहेर पडले. त्यांचा तो आग्रह आजही योग्य आहे. ज्यांना जुनी भाषा जड जाते त्यांनी बायबल सोसायटीचेच सुबोध मराठीतील भाषांतर आधी घ्यावे, त्यात कमीपणा मानू नये, आणि वर्षभराने या आवृत्तीकडे यावे. पौलाच्या पत्रांसाठी मी स्वतः अजूनही दोन्ही शेजारी ठेवतो. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायातील तिसऱ्या वचनापासून चौदाव्यापर्यंतचा भाग मूळ ग्रीकमध्ये एकच अखंड वाक्य आहे. त्याची मराठी वाक्ये तोडून केलेली असली तरी एका दमात अर्थ लागत नाही.

ही भाषा मोठ्याने वाचली म्हणजे मात्र पुष्कळ सोपी होते, आणि या गोष्टीला आधार खुद्द शास्त्रात आहे. पहिल्या स्तोत्रातील धन्य पुरुष नियमशास्त्राचे रात्रंदिवस ‘मनन’ करतो. तिथल्या हिब्रू क्रियापदाचा मूळ अर्थ पुटपुटणे, तोंडाने हलका आवाज काढणे असा आहे. यशयाच्या पुस्तकात तेच क्रियापद भक्ष्यावर गुरगुरणाऱ्या सिंहाला (31:4) आणि कण्हणाऱ्या पारव्याला (38:14) लावलेले आहे. ज्या घरांत आजी पहाटे जात्यावर ओव्या म्हणत किंवा हरिपाठ चालत असे, त्या महाराष्ट्राला तोंडाने घोळवून अर्थ मुरवण्याची ही पद्धत शिकवावी लागत नाही. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चहा उकळत असताना, ऐकू येईल इतक्या आवाजात वाचतो. पहिल्या वर्षी पत्नी नुसती ऐकत असे आणि दुसऱ्या वर्षापासून आम्ही आळीपाळीने वाचू लागलो.

या वाचनाचा परिणाम कुठे होतो, हे सांगितल्याशिवाय हा अभिप्राय अपुरा राहील. लूकच्या सोळाव्या अध्यायात ‘जो अगदी थोड्याविषयी विश्वासू तो पुष्कळाविषयीही विश्वासू आहे’ असे वचन आहे. ते मला लहानपणापासून पाठ होते. ज्या सकाळी तो अध्याय क्रमाने आला, त्याच दिवशी कार्यालयात माझ्या प्रवासभत्त्याचे बिल सहीसाठी तयार होते. तालुक्याच्या गावी एसटीने जाऊन आल्यावर स्थानकापासूनचे अंतर मी पायी चाललो होतो आणि बिलात मात्र रिक्षाचे 120 रुपये लिहिले होते. सगळेच लिहितात आणि कोणी विचारतही नाही. मी ते बिल फाडून नवे केले. हे वचन त्या दिवशी मी निवडलेले नव्हते, ते क्रमाने आले होते. आपल्या आवडीची वचने निवडून वाचण्याच्या सवयीत नेमकी हीच गोष्ट घडत नाही, म्हणून पुस्तक सलग वाचण्याचा मी आग्रह धरतो.

मर्यादा स्पष्ट सांगायला हव्यात. हे अभ्यासबायबल नाही. प्रत्येक पुस्तक कोणत्या काळात आणि कोणत्या परिस्थितीत लिहिले गेले याची माहिती यात मिळत नाही, आणि शेकेल, एफा, होमर ही मापे नव्या वाचकाला आपली आपण कळणार नाहीत. संदेष्ट्यांच्या पुस्तकांत, विशेषतः यहेज्केल आणि जखऱ्या यांत, एकट्याने वाचणारा माणूस वाट चुकतो. माझेही तसेच झाले. तिथे मंडळीची गरज लागते. आमच्याकडे गुरुवारी संध्याकाळी चार घरे मिळून अभ्यासाला बसतात. प्रत्येकाने पाच वचने वाचायची आणि आपल्याला काय कळले नाही ते प्रथम सांगायचे, असा आमचा नियम आहे. आमच्यातील एक मावशी चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत आणि बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचतात. त्या वाचत असताना सगळे शांत बसून राहतात, आणि माझ्या अनुभवाने त्यांच्या वाट्याला आलेली पाच वचनेच सर्वांच्या लक्षात राहतात.

मोबाइलवर हेच भाषांतर मोफत मिळते आणि ते ऐकताही येते. माझ्या आईची नजर मंदावली आहे, तिला हे ध्वनिमुद्रण मोठा आधार आहे. प्रवासात मीही ते वापरतो. सकाळच्या वाचनासाठी मात्र छापील पुस्तकच घ्यावे, असे माझे ठाम मत आहे, कारण फोन उघडला की वचनाच्या आधी निरोप वाचले जातात, आणि तीन पाने एकाच वेळी उघडी ठेवून पाहणे फोनच्या पडद्यावर तितके सहज होत नाही.

विकत घेताना चामडी वेष्टण आणि सोनेरी कडा यांपेक्षा टाइपाचा आकार आणि समासाची रुंदी पाहावी. बायबलाचा कागद पातळ असतो, शाईच्या पेनाची खूण मागच्या पानावर उमटते, म्हणून शिसपेन्सिल वापरावी. ज्यांनी पूर्वी कधी सलग वाचलेले नाही त्यांनी उत्पत्तीऐवजी लूकपासून आरंभ करावा. त्याचे 24 अध्याय आहेत, महिन्याच्या आत होतात, आणि पुढे लगेच प्रेषितांची कृत्ये घेता येतात.

प्रत्येक अध्यायाच्या शेवटी मी पेन्सिलीने तारीख घालतो. गेल्या आठवड्यात लूकपासून दुसरी फेरी सुरू केली. आज नवव्या अध्यायाखाली पहिल्या फेरीची तारीख होती आणि तिच्या शेजारी माझ्याच अक्षरात एक शब्द, ‘दररोज?’ असा प्रश्नचिन्हासह. या वेळी त्याखाली पत्नीने आजची तारीख घातली.